कूलरजवळची चप्पल

ओल्या खसचा वास आला की मला घमापूरचं आमचं घर आठवतं. तिथे पत्र्याच्या कूलरला हात लावला की झिणझिण्या यायच्या. बिजलीवाल्याने सॉकेट उघडून दाखवलं होतं, "भाईसाहब, तीसरा छेद खाली है, अर्थिंग की तार डाली ही नहीं." बाबा म्हणाले, "करून घेऊ ना पुढच्या महिन्यात," आणि कूलरजवळ एक रबरी चप्पल आणून ठेवली. ती पायात असल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, एवढाच आमचा इलाज. बुद्धपौर्णिमेच्या दुपारी मी घाईत तीच चप्पल घालून मैत्रिणीकडे गेले. वंदना आटोपून आई अनवाणीच कूलरमध्ये पाणी भरायला उठली. मी परतले तेव्हा ती पांढऱ्या साडीत ओल्या फरशीवर पडली होती, आणि शेजारची काकू रडत सांगत होती, "किती वेळची चप्पल शोधून राहिली होती हो बिचारी!" मी दारातच ती चप्पल काढली आणि पायानेच खाटेखाली सरकवली. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "माझ्याच्यानं गेली ती, मी तार टाकून घेतली नाही." इतकी वर्षं मी त्यांना तसं म्हणू दिलं.