पापणीच्या आतला रंग

रक्त हा मानवी देहाचा ग्रंथ असून तो फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच वाचता येतो, असं आमचे प्राध्यापक सांगत. पंचावन्न-छप्पन साली मी पुण्यात वैद्यकी शिकत होतो. रक्ताच्या रोगांचं प्रकरण वाचताना मला दम लागू लागला आणि आपल्याला रक्ताचा कर्करोग झाला आहे, अशी माझी खात्री पटली. रक्त तपासून घ्यायचं धाडस मात्र होईना.

सुट्टीत घरी आलो, तेव्हा वडिलांनी बैल विकायला मला सोबत चाकणच्या बाजारात नेलं. तिथे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने अंगठ्याने बैलाची खालची पापणी ओढली, उन्हाकडे वळवली आणि मान डोलावली.

मी विचारलं, "बाबा, यात काय दिसतं?"

"रगत हाय का न्हाई, त्ये." अंगठा धोतराला पुसून त्याने माझीही पापणी ओढली. "तुमच्यात न्हाई. अनवाणी हिंडता का रानात?"

"लहानपणापासून. पण मी डॉक्टर होतोय."

"व्हा की. आदी जंताचं औषद घ्या."

"नुसतं बघून कळतं?"

"बैल बोलत न्हाई, म्हणून बघावं लागतं. तुमी बोलता, म्हणून कुणी बघत न्हाई."

दोन दिवसांनी पुण्यात मी रक्त दिलं. कर्करोग नव्हता. पेशी फिकट होत्या, आणि शौचाच्या तपासणीत अनवाणी पायांतून शिरून रक्त शोषणारे जंत सापडले. प्राध्यापकांनी माझ्या रक्ताची काच साऱ्या वर्गाला दाखवली. मला ती पाहता आली नाही. त्या अंगठ्यामुळे माझे डोळे आले होते.