तळघरातल्या खांबाचे फोटो

एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या गाळ्यात ताई कॅमेरे दुरुस्त करायची. गाळा कसला, एक टेबल, एक दिवा आणि पाठीमागे काचेचं कपाट. फोनवर फोटो निघायला लागले तसा धंदा बसला, पण जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर जीव असलेली माणसं अजून शोधत यायची. ताईचा हात हलका होता आणि जीभ तिखट. कॅमेरा पाण्यात पडला म्हणून कुणी रडवेलं झालं, की म्हणायची, "आधी पोहायला शिकवायचं ना त्याला!"

त्या वर्षी मात्र गाळ्यानेच कुरकुर सुरू केली होती. शटर मध्येच अडकायचं. ग्रीस लावून झालं, लोंबकळून झालं, ते काही बधेना. मग एके दुपारी कपाटाची काच, कुणी हातही न लावता, वरपासून खालपर्यंत तडकली. "म्हातारी झाली बिचारी," असं म्हणत ताईने तिला चिकटपट्टी लावली आणि विषय सोडून दिला.

अशात वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचे यजमान वर्षानुवर्षं इमारतीचा पाण्याचा पंप सांभाळायचे. सगळे त्यांना पंपवाले काका म्हणत. हिवाळ्यात झोपेतच गेले. काकूंनी पदराआडून कॅमेरा काढला.

"ह्यांनी जुन्या बाजारातून आणला होता. शेवटी शेवटी सारखा घेऊन खाली जायचे. ह्यांचा एखादा बरा फोटो असेल तर बघ गं. चालूच होत नाहीये."

ताईने सेलचं झाकण उघडलं. आत सेल फुटून बुरशीसारखी पांढरी-हिरवी पूड जमली होती. "सेल आत ठेवून कॅमेरा विसरला, की हे असं होतं," ती म्हणाली. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काडीने तिने पत्र्या घासल्या, कोरड्या केल्या, नवे सेल घातले. कॅमेरा जागा झाला. लेन्स अर्धी बाहेर आली, करकरली आणि तिथेच अडकली.

"कण गेलाय." ताईने कॅमेरा उलटा धरून रबरी फुग्याने हवा मारली. टेबलावरच्या काळ्या कापडावर करडी भुकटी पडली. तिने ती बोटावर घेतली. समुद्रावरची वाळू नव्हती. सिमेंट होतं.

"काका कुठे काढायचे फोटो?"

"खाली, तळघरात. पंपापाशी."

लेन्स आता सुरळीत फिरली, पण कार्ड वाचता येत नाही, असा निरोप पडद्यावर आला. ताईने कार्डाची सोनेरी टोकं खोडरबराने पुसली, पुन्हा बसवलं, आणि फोटो उमटले. प्रत्येकावर तारीख एकच. आतला घड्याळाचा सेल मेला, की असे कॅमेरे दर वेळी पहिल्यापासून दिवस मोजायला लागतात. तेव्हा तारखेचा उपयोग नव्हता. ताई फोटोंच्या क्रमांकाप्रमाणे एकेक पुढे सरकवत गेली.

सगळे फोटो एकाच खांबाचे होते.

पहिल्यात केसाएवढी चीर, तिच्याशेजारी मापासाठी धरलेली किल्ली. पुढच्यात चीर थोडी लांब. मग रुंद. मग किल्लीचं टोक आत. शेवटच्या फोटोत अख्खी किल्ली चिरेत आडवी बसली होती आणि आतली गंजलेली सळई दिसत होती.

ताईचा हात थांबला. तो खांब तिच्या कपाटाच्या बरोबर खाली होता.

"काकू, काकांनी हे कुणाला दाखवलं होतं?"

"सोसायटीच्या सेक्रेटरींना. ते म्हणाले, प्लास्टर मारून घेऊ. मारलंही, हे गेल्यावर."

दोघी तळघरात उतरल्या. खांब गुळगुळीत होता, वर ताजा रंग. काकूंनी सुस्कारा सोडला. ताईने मात्र फ्लॅश मारून फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. रंगाखालून एक रेघ तिरकी वर चढत होती. पायाशी रंग लागलेल्या खपल्या पडल्या होत्या. आणि पंप बंद असतानाही कुठूनतरी बारीक टकटक येत होती, कुणी आतून नखाने भिंत उकरावी तशी.

"चला वर," ताई हळूच म्हणाली. "आणि जिन्यावर धावू नका."

इमारतीचा कारभार पाहणारे सेक्रेटरी फोटो बघून वैतागले. "जुन्या इमारती आवाज करतातच. उगाच लोकांच्या पोटात गोळा आणू नका."

"माझ्या पोटात आलाय, त्याचं काय करू?" ताई म्हणाली. तिने सरळ नगरपालिका गाठली. तिथल्या इंजिनिअरने शेवटचा फोटो पाहिला आणि हातातला चहा तसाच ठेवून तो तिच्याबरोबर निघाला.

तळघरात तो मिनिटभरही थांबला नाही. वर आला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "सगळ्यांना बाहेर काढा. सामान नाही, फक्त माणसं."

मग ताई दारं ठोठावत सुटली. कुणी शिव्या दिल्या, कुणी गॅस बंद करायला परत फिरलं, एकीला ओल्या केसांनीच यावं लागलं. सेक्रेटरींची अंथरुणाला खिळलेली आई सगळ्यात वर होती. त्यांनी आणि इंजिनिअरने तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. शेवटच्या पायरीपर्यंत सेक्रेटरींनी खुर्ची सोडली नाही.

समोरच्या फुटपाथवर सगळे उभे राहिले. काहीच होईना. लोक कुजबुजू लागले. कुणीतरी ताईकडे बघून तोंड वाकडं केलं, आणि क्षणभर तिलाही वाटलं, आपण सगळ्यांना वेड्यात काढलं. तेवढ्यात तिच्या गाळ्याचं शटर आपोआप मधोमध वाकलं, कागद दुमडावा तसं. इमारतीची मागची बाजू बसली. धूळ आली, आणि धुळीमागून आवाज.

माणूस एकही गेला नाही. ताईचा गाळा गेला, गिऱ्हाइकांचे कॅमेरे गेले. कित्येक दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. आता ती बहिणीच्या घरी खिडकीशी टेबल टाकून काम करते. थट्टा करते, पण बोलता बोलता मध्येच कान देऊन गप्प होते.

पडलेली इमारत ज्या ठेकेदाराने बांधली, त्यानेच शेजारी दुसरी बांधली होती, हुबेहूब तशीच. इंजिनिअरने तिच्या दारावर नोटीस लावली आहे. ताईही दोनदा जाऊन सांगून आली. लोक म्हणतात, जाऊ, जागा मिळाली की जाऊ. संध्याकाळी तिथे प्रत्येक खिडकीत दिवा लागतो, आणि ताई रस्ता ओलांडून पलीकडून जाते.