झाकलेलं ताट आणि आल्प्सचा चढ

भुतंखेतं, करणी, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही नाही असंच म्हणतो, फक्त पूर्वीइतक्या जोरात म्हणत नाही. मी मूळचा कराडकडचा. बोईसरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडली तर कारण असतं आणि चालू राहिली तरी कारण असतं, हे मला पोटापाण्याने शिकवलंय. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही.

जितेश माझ्याच खात्यात. नवापूरचा, मच्छीमाराचा मुलगा. घरात तो आणि आई, दोघंच. बाप बोटीवर गेला तो आलाच नाही, तेव्हा हा शाळेत होता. सायकलिंगचं वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं आणि वेडाला मर्यादा नसते, म्हणून पहिलीच मोठी ट्रिप ठरवली ती थेट स्वित्झर्लंडची. आल्प्समधले घाट! आमच्याकडे रोजचा चढ काय, तर बोईसरचा रेल्वेवरचा पूल. रविवारी जव्हारच्या घाटात जाऊन धापा टाकायचो, पण रोज कुठलं जमतंय?

म्हणून जितेशने इनडोअर ट्रेनर घेतला. मागचं चाक काढून सायकल त्या मशीनवर बसवायची, समोर टीव्हीवर आल्प्सचा रस्ता दिसतो. तिकडे चढ आला की इकडे पेडल जड होतं. जाळी ठेवायच्या खोलीत त्याने हे सगळं थाटलं. सुक्या बोंबलाच्या वासात स्वित्झर्लंड!

आता त्यांच्या घरातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. घरातून कुणी दर्यावर निघालं की उंबऱ्यातून ओरडून सांगायचं, "निघालो गो!" मग आई त्याचं ताट वाढून झाकून ठेवणार. परत आल्यावर ज्याचं त्याने आपल्या हाताने झाकण काढायचं. ते काढलं की माणूस घरी आला. जितेशच्या बापाचं ताट मावशी, म्हणजे जितेशची आई, कितीतरी महिने रोज वाढत होती म्हणे. शेवटी एक दिवस तिने ते समुद्राला दिलं आणि कपाळ पुसलं.

तर हा दिवटा काय करायचा? ट्रेनरच्या खोलीत शिरताना दारातून ओरडायचा, "आये, आल्प्सला निघालो गो!" आणि दार लावून घ्यायचा. त्याला गंमत. मावशी मात्र मुकाट्याने भात-कालवण वाढून ताटावर ताट झाकायची. हा घामाघूम होऊन बाहेर यायचा, प्रोटीन शेक ढोसायचा आणि आडवा व्हायचा. वजन उतरवायचं होतं ना! ताटाला हात नाही. मावशी एकदा माझ्यादेखत त्याला म्हणाली, "येक घास नको खाव, पन झाकण तरी काड रे." तर हा म्हणतो, "आये, मी घरातच हाय, कुटं गेलोय?" आणि हसला. आईची थट्टा करायला हिंमत लागत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

व्हिसाचे कागद घेऊन एका रविवारी दुपारी मी नवापूरला गेलो. मावशी किनाऱ्याकडून येत होती, हातात रिकामं ताट, पायाला ओली वाळू.

"काय मावशी, कुठे गेलेलात?"

"ताट दिला दर्याला."

"कुणाचं?"

"जितेसचा." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. "लय वाट बगली. आता नाय येत तो."

आतून ट्रेनरची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. मी हसलोच. म्हटलं, मावशी, तो काय आत सायकल हाणतोय! तेवढ्यात दार उघडून जितेश बाहेर आला, अनवाणी, खांद्यावर टॉवेल. मावशीने डोक्यावर पदर घेतला.

"कोन पायजे तुमाला?"

"आये, नाटकं नको करू."

"बसा," तिने खुर्ची पुढे केली. "च्या घेता ना तुमी?"

पोटच्या पोराला "तुमी"! जितेश हसत राहिला. माझं मात्र लक्ष दुसरीकडे गेलं... आतली घरघर थांबली नव्हती. मी खोलीत डोकावलो. टीव्हीवर चढाचा रस्ता सरकत होता आणि सायकलची पेडल्स फिरत होती. पेडलला खटक्याने बसणारे त्याचे क्लीटवाले शूज पेडलांत अडकलेले, रिकामे, वर-खाली होत होते. सायकलला फ्रीव्हील असतं हो! मशीनची चकती फिरत राहिली तरी पेडल फिरत नाहीत. त्यांना फिरवायला पाय लागतात. मी बटण बंद केलं तरी ती फिरतच होती. मग हळूहळू, कुणी दमून थांबावं तशी थांबली.

"बंद करायचं राहिलं," मागून जितेश शांतपणे म्हणाला.

पालघरला डॉक्टरांना दाखवलं. मावशीची स्मृती ठणठणीत. बोंबलाचा भाव, जावांची नावं, माझ्या बायकोचं आजारपण, सगळं लक्षात. फक्त पोरगा ओळखत नाही. जितेश सुरुवातीला चिडला, तिच्या पाया पडला, एकदा तिच्यासमोर बसून ताटभर जेवलाही. मावशीने पाहुण्याला वाढावं तसं आग्रहाने वाढलं, वर विचारलं, "तुमची आय हाय ना घरी? वाट बगत असल." त्या दिवशी तो खूप रडला. मला वाटलं, आता ट्रिप रद्द. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने हा विषयच काढला नाही. जणू दाढ काढून टाकली. मला त्या रडण्यापेक्षा या गप्प बसण्याची भीती वाटली.

निघायच्या दिवशी सायकलींचे खोके गाडीवर चढवले. मावशी दारात आली, ती सरळ जितेशपुढे उभी राहिली आणि हात जोडले.

"दादा, तुमी तिकडंच चाललाव ना? माजा पोरगा तिकडंच गेलाय. दिसला तर घरी लावून द्या."

मी जितेशकडे बघितलं. वाटलं, आता तरी हा कोसळेल.

"सांगेन हं, मावशी," तो म्हणाला. तो गाडीत बसला आणि त्याने पट्टा लावला.

ट्रिप चांगली झाली. जितेश प्रत्येक घाट न दमता चढला, मी मागे कुथत. आणि खरं सांगतो, समोरून येणाऱ्या प्रत्येक एकट्या सायकलवाल्याच्या तोंडाकडे मी बघत होतो. स्वतःची लाज वाटत होती, तरी बघत होतो.

परतल्यावर आम्ही दोघं नवापूरला गेलो. जितेशच्या हातात आईसाठी आणलेली शाल होती. मावशी बाहेर बोंबील वाळत घालत होती. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझा हात धरला.

"भेटला काय रे?"

जितेश माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "हा काय, मावशी" एवढंच मला म्हणायचं होतं.

"नाय मावशी," मी म्हणालो. "नाय भेटला."

पेडल्स का फिरली, ते कधीतरी कुणी मला समजावून देईल. पण मी असं का बोललो, आणि ते ऐकून जितेशने नुसती मान का डोलावली, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.