दोन सीटची गाडी आणि जावेची कलिंगडं

"अम्मी, एसी बंद कर!" मुलगा ओरडला.

माझे दोन्ही हात डेगचीखाली अडकले होते. डेगची मांडीवर, डेगचीच्या झाकणावर खजुराचा खोका, पायांत मासळीचा बर्फाचा डबा आणि डब्याच्या बाजूला एक कलिंगड. एसीचं बटण वीतभर लांब होतं, पण तिथे हात पोचेना. मागून डंपरचा हॉर्न वाजत होता तो थांबतच नव्हता. रस्ता चढाचा. आम्ही कडेला थांबून नुकतेच परत रस्त्यावर आलो होतो. इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी काही पुढे जात नव्हती.

मी कोपराने बटण दाबलं. थंड वारा बंद झाला. गाडीने जरा ओढ घेतली. जराच. आरशात डंपरचं तोंड एवढं मोठं झालं की त्याच्या जाळीत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा मला दिसली. बाजूच्या लेनमध्ये पाण्याचा टँकर होता, म्हणून डंपरला तिकडे जाता येत नव्हतं. आम्हाला पुढे पळता येत नव्हतं. उरला माझ्या बाजूचा खडीचा पट्टा. तिथे एक पाटीचा खांब होता आणि खांबाच्या पुढे लोखंडी कठडा सुरू होत होता. मधे जागा किती, ते मी बघितलं. मला ती पुरेशी वाटली नाही.

"धरून बस," मुलगा म्हणाला आणि त्याने चाक फिरवलं.

कशाला धरू? माझ्या हातांत डेगची होती.

ही गाडी काय होती ते सांगायला हवं. लाल, दोन सीटची, कापडी छपराची, दुसऱ्याने वापरून विकलेली. एवढी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखं. उतरताना मला कोणीतरी हात द्यावा लागतो. माझा मुलगा इथे आखातात, अल कुसैसला राहतो, एका कंपनीत हिशेब बघतो, आणि त्याने स्वतःच्या हौसेसाठी एवढी एकच गोष्ट आजवर घेतली. सुनेला ती गाडी आवडत नाही. "केस विस्कटतात आणि पर्स ठेवायला जागा नाही," म्हणते. नात तर सरळ इंग्रजीत सांगते, "दादी, इट्स नॉट अ फॅमिली कार." म्हणून दुसरी सीट बहुतेक माझीच.

आणि माझ्या जावेच्या मुलाकडे काय होतं, तर डोंगराएवढी काळी गाडी. चढायला पायरी. मागच्या सीटवर गाद्या, गाद्यांना आतून गार हवा. सुरू केली की डोंगरापलीकडे, फुजैरातल्या त्यांच्या गल्लीतली मांजरं पळतात. तो तेलाच्या टर्मिनलवर मोठ्या जागेवर आहे. जाऊ मागे एकटी बसते, राणीसारखी, आणि काच खाली करून बोलते.

आम्ही दोघी रत्नागिरीकडच्या एकाच घरात सुना म्हणून आलो. मी थोरली, ती धाकटी. मी चौथी शिकले, ती दहावी. माझ्या नवऱ्याने जन्मभर गावात दुकान चालवलं, तिचा नवरा लग्नानंतर लगेच आखातात आला. तिच्याकडे आधी मिक्सर आला, आधी फ्रीज आला, आधी सोन्याचं घड्याळ आलं. तिची कमरही माझ्याआधी दुखायला लागली, आणि त्यासाठी मशीनची खुर्ची आली. मला ती खुर्चीसुद्धा हवी होती. हे मी कोणाला बोलले नाही, पण जाऊ काही मूर्ख नाही.

गाडीवरून तर तिने काही सोडलंच नाही. पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "भाबी, बाकीची गाडी मागून येतेय काय?"

तिचा मुलगा तसा चांगला. मला मोठी अम्मी म्हणतो, पाया पडल्यासारखा वाकून भेटतो. पण गाडीचा विषय निघाला की दोघं भाऊ तासभर हटत नाहीत.

"भाई, दिसायला स्पोर्ट्स कार आणि पिकअप डिलिव्हरीच्या बाईकसारखा. इंजिनाला टर्बो टाक, जोर वाढेल. माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, तुमच्या कुसैसलाच."

"ही गाडी हलकी आहे," माझा मुलगा म्हणायचा. "हिला ताकद कमी नाही, वजन कमी आहे. टर्बो टाकला की मोठा रेडिएटर. मग ब्रेक मोठे. मग टायर रुंद. मग वजन वाढलं म्हणून आणखी पावर. त्यापेक्षा तुझीच घेईन ना!"

"मग घे ना माझ्यासारखी!"

"तुझी दोनशेच्या पुढे मजा देते. दोनशेला रडार फोटो काढतं. माझी साठला मजा देते आणि कोणी फोटो काढत नाही."

हे मला कळत होतं. आमच्या खाडीत एकाने छोट्या होडीला मोठं इंजिन लावलं होतं. होडी नाक वर करून धावायची आणि वळायला सांगितलं की ऐकायची नाही. पण मला मुलाची गाडी वळायला नकोच होती. मला ती जावेच्या गाडीच्या पुढे गेलेली हवी होती. एकदाच. जावेची काच खाली असताना.

म्हणून मी लावून धरलं. जेवताना टर्बो, चहाला टर्बो. मुलगा म्हणायचा, "अम्मी, तुला टर्बो म्हणजे काय ते ठाऊक आहे?" मी म्हणायचे, "चाचीच्या मुलाला ठाऊक आहे ना? मग झालं." शेवटी तो थकला. येत्या शनिवारी गाडी गॅरेजला द्यायची ठरली. त्याचं तोंड असं झालं होतं, जसं कोणी त्याच्या मुलीचे केस कापायला नेतंय. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

त्याआधीच्या रविवारी आम्ही फुजैराला जेवायला गेलो. मी सांदणं केली होती आणि डेगचीभर मटण. आमच्यात कोणाकडे भांडं गेलं की ते रिकामं परत येत नाही. द्यायचं ते देऊन टाकायचं आणि भांड्यात काही घालून घ्यायचं. साधी चांगली रीत आहे. पण आम्हा दोघींच्या हातांत ती रीत साधी राहिली नव्हती. मी सांदणं नेली की ती बिर्याणी घालायची. मी पुढच्या वेळी दोन भांडी न्यायचे. ती चार गोष्टी द्यायची.

त्या दिवशी तिने डेगची बिर्याणीने भरली, दाबून. मग खजुराचा खोका आणला. मग बंदरावरून सकाळीच आणलेली अख्खी सुरमई, बर्फाच्या डब्यात. मग तांदळाची गोण, "बासमती आहे, तुमच्याकडे मिळतो तसला नाही". मग तीन कलिंगडं. माझा मुलगा अंगणात उभा राहून बघत होता. त्या गाडीची डिकी म्हणजे दप्तराएवढी.

"चाची, बास," तो म्हणाला. "खरंच नाही मावणार."

जाऊ गोड हसली. "राहू दे हो भाबी. नाही मावत तर नाही मावत. आमच्या गाडीतून पाठवते नंतर. त्या गाडीचा तरी काय दोष!"

"मावेल," मी म्हणाले.

"अम्मी..."

"मावेल म्हटलं ना!"

गोण डिकीत आडवी कोंबली. दोन कलिंगडं गोणीच्या बाजूला. बाकी सगळं माझ्या अंगावर. दार लावायला जावेच्या मुलाला बाहेरून ढकलावं लागलं. गाडी मागून इतकी बसली की पुढचे दिवे आभाळाकडे बघत होते.

"यल्ला, निघा मोठी अम्मी," तो हसत म्हणाला, "विमानतळावर वजन केलं असतं तर तुम्हालाच उतरवलं असतं."

डोंगराच्या रस्त्याला लागलो आणि बर्फाचा डबा गळायला लागला. माझ्या सपाता भिजल्या, पाणी मुलाच्या पायांकडे वाहायला लागलं. ब्रेकवर पाय घसरेल म्हणून त्याने एका चढाच्या पायथ्याशी कडेला गाडी घेतली, फडक्याने पुसलं, आरशात बघितलं. डंपर लांब होता. रिकाम्या गाडीने मुलगा सहज पुढे निघून गेला असता, त्याला तीच सवय. पण मागे उतार होता आणि डंपर उतारावरून जोर घेऊन येत होता. आणि गाडी रिकामी नव्हती.

एसी बंद केला की लहान गाडी चढ घेते, हे मलाही ठाऊक होतं. गावी घाटात टॅक्सीवाला न विचारताच बंद करायचा आणि आम्ही बायका पदराने वारा घेत बसायचो. इथे मुलाला आधी आठवलं नाही आणि माझे हात मोकळे नव्हते.

त्याने चाक फिरवलं तशी गाडी वळली. घसरली नाही, डगमगली नाही. खांब माझ्या कानाजवळून गेला. मागे डंपर घासला, पत्रा फाटल्याचा आवाज आला, आणि आम्ही कठड्याच्या आत, खडीवर, आडवे थांबलो. डेगचीचं झाकण उडालं होतं. बिर्याणी माझ्या मानेपर्यंत होती. गरम नव्हती.

"अम्मी, लागलं?"

"डेगची धर आधी."

डंपरचा पठाण पुढे थांबून धावत आला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, भात बघितला, डिकीतून गळणाऱ्या तांदळाकडे आणि फुटलेल्या कलिंगडांकडे बघितलं. मी ठीक आहे हे कळल्यावर तो दगडावर बसला आणि मुलाला म्हणाला, "भाई, ये गाडी है या दुकान?"

मुलाला हसू आलं आणि मग तो रस्त्याकडे पाठ करून थोडा वेळ उभा राहिला. मी अंगावरचा भात डेगचीत भरायला घेतला.

पोलीस आले, फोटो काढून, लिहून घेऊन गेले. जावेचा मुलगा आला, डोंगराएवढी गाडी घेऊन, आणि मागे जाऊ. ती उतरली तीच रडत. मी रडले नव्हते, म्हणून तिथल्या लोकांना तिचाच अपघात झालाय असं वाटलं असेल. पठाण तिलाच पाणी देत होता. मला तेही सहन झालं नाही.

"भाबी, तुमची डेगची चेपली गो!" ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने सुरमईचा डबा उचलला. "ही खराब होईल. मी घेऊन जाते परत."

मला तिच्या गाडीत बसवलं. गादी खरंच गार होती. पाठीला अशी टेकत होती की मला तिचा आणखीनच राग आला.

बाहेर दोघं भाऊ बोलत होते. "भाई, पावर असती तर निसटला असतास."

"कलिंगडं नसती तरी निसटलो असतो."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काच वर करायचं बटण शोधत होते.

तेवढ्यात जाऊ खांबापाशी गेली. एका बाजूला खांब, एका बाजूला कठडा, मधे खडीत आमच्या चाकांच्या खुणा. तिने दोन्ही हात पसरून जागा मोजून बघितली. पुन्हा मोजली. मग आपल्या मुलाच्या गाडीकडे बघितलं, आणि मग आमच्या लाल गाडीकडे, पत्रा फाटलेल्या, आडव्या उभ्या.

"इथून नेली?" तिने माझ्या मुलाला विचारलं.

"हो चाची."

"आमची गेली असती?"

तिचा मुलगा बूट बघत होता.

"मला एकदा बसव रे हिच्यात," जाऊ म्हणाली.

तो आवाज मी ओळखला. फ्रीजच्या वेळी, घड्याळाच्या वेळी, मशीनच्या खुर्चीच्या वेळी माझ्या पोटात जो आवाज होता, तोच. तिच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता. अर्धी वर गेलेली काच मी परत खाली केली.

"तुझे गुडघे वाकायचे नाहीत गो त्यात," मी म्हणाले. "आणि सीट दोनच आहेत."

मग मुलाला सांगितलं, "शनिवारी गॅरेजला फक्त पत्रा ठोकायला दे. दुसरं काही नको."

"आणि टर्बो?"

"कशाला? वजन वाढतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. ती गाडी जशी होती तशी जावेला हवी होती, मग तिच्यात बदल करायचं मला काहीच कारण नव्हतं.

आता गाडी दुरुस्त होऊन आली आहे. मागचा लाल रंग पुढच्यापेक्षा जरा गडद आहे. आम्ही फुजैराला जातो, डेगची एकच नेतो. परतीचं सामान जाऊ तिच्या मोठ्या गाडीतून पाठवते आणि त्या निमित्ताने स्वतःही कुसैसला येते, दोन दोन दिवस राहते, आणि माझ्या सुनेला बिर्याणी शिकवते. सून म्हणते चाचीसासूच्या हाताला चव आहे. ते मला आवडत नाही.

त्या दिवशी त्या चढावरच्या अपघातात आम्ही तिघं होतो, मी, माझा मुलगा आणि डंपरचा पठाण. तिघंही वाचलो.