अडथळ्याचा आरोप आणि पीटरची टाळी

मंडळी, आज मी चक्क इथे परदेशात मॅजिस्ट्रेट कोर्टात आरोपी म्हणून उभी होते!

आमचे शेजारी पीटर यांना अजिबात ऐकू येत नाही. साइन लँग्वेज मी त्यांच्याकडूनच शिकले. मागच्या हिवाळ्यात पोलिसांनी त्यांना रस्त्यात अडवलं. पोलीस ओरडत होते आणि पीटर घाबरून मागे सरकत होते. मी मध्ये उभी राहून खुणांनी समजावू लागले. "बाजूला व्हा" म्हटल्यावरही हलले नाही. झालं, पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा चार्ज लागला!

माझी सॉलिसिटर, म्हणजे वकील, म्हणाली, "गिल्टी म्हणालात तर किरकोळ दंडावर सुटाल."

पण इथे कायम राहण्यासाठी आम्हाला अजून अर्ज करायचाय, आणि गुन्ह्याची नोंद झाली तर तो अडकू शकतो. नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जे केलं नाहीस ते कबूल कशाला करतेस?"

मी गुन्हा नाकारला. कोर्टात पोलिसाच्याच बॉडी कॅमेऱ्याचा व्हिडिओ लावला. माझ्या खुणा बघून पीटर शांत होताना सगळ्यांना दिसले. मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, "यांच्यामुळे पोलिसांचं काम सोपंच झालं. नॉट गिल्टी."

मागे बसलेल्या पीटरना मी खुणेनं निकाल सांगितला. त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. त्यांची टाळी अशीच असते. कोर्टात शांतताच होती, पण मला ती टाळी ऐकू आली.

तुम्ही असता तर बाजूला झाला असतात का?