शून्य कमिशनच्या पाच ओळी

लिंकवाले चाचा कुठलीही वस्तू लोकांना सुचवायच्या आधी तिच्यावर बसून बघत. प्रवासाची बॅग असो, प्लॅस्टिकचं स्टूल असो की मुलांचा खेळण्यातला ट्रक, चाचा आपलं ऐंशी-पंच्याऐंशी किलोचं वजन त्यावर बिनदिक्कत टाकत आणि डोळे मिटून कुठे कुरकुर ऐकू येते का, याचा अंदाज घेत. जन्मभर ट्रकच्या सीटांना रेग्झिनची कव्हरं शिवलेला माणूस. बसल्याशिवाय वस्तू कळत नाही, ही त्यांची पक्की समजूत. टॉर्चवर किंवा पाण्याच्या बाटलीवर बसता येत नाही, मग त्या वस्तू रात्रभर बादलीत बुडून राहायच्या. सकाळी टॉर्च लागली तर तिची लिंक ग्रुपवर जायची, नाहीतर टॉर्च खिळ्याला टांगून खाली खडूनं लिहायचे, ‘घेऊ नका’.

त्यांचं दुकान विसरवाडीला, महामार्गाच्या कडेला. मी पुढच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका. सकाळी नंदुरबारहून बसनं विसरवाडी, तिथून जीपनं शाळा, आणि दुपारी परतीची बस लागेपर्यंत चाचांचा ओटा. नऊ वर्षं हा क्रम चालला. माझा स्वभाव मुळात चौकस. आई त्याला सरळ भोचकपणा म्हणते. समोर माणूस सुईदोरा बाजूला ठेवून फोनमध्ये डोकं घालून बसलेला आणि मी गप्प राहीन, हे शक्यच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, “चाचा, हे काय करताय?”

“धंदा करी ऱ्हायनू मॅडम,” ते म्हणाले. “दुकान दुसरानं, माल दुसराना, गिऱ्हाईक बी दुसरानं. मन्हा फक्त शब्द.”

हा धंदा मला समजायला दोन महिने लागले. मोठ्या ऑनलाइन दुकानातल्या वस्तूची लिंक आपल्या नावानं बनवायची आणि लोकांना पाठवायची. त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकान आपल्याला थोडं कमिशन देतं. चाचांना हे सुरतेकडे जाणाऱ्या एका ड्रायव्हरनं शिकवलं. सीट शिवून होईपर्यंत त्याला वेळ होता, आणि चाचांना प्रश्न फार. तेव्हापासून सीट शिवायला येणारा प्रत्येक ड्रायव्हर चाचांच्या ग्रुपात जाऊन बसला. कंबरेची उशी, फोनचा स्टँड, डब्याची पिशवी, जे लागेल ते तो चाचांना विचारून घेई.

प्रत्येक लिंकखाली चाचा आधी एक ओळ टाकत, की यात मला कमिशन मिळतं. मी चिडवायची, “चाचा, हे सांगायची काय गरज? कोणी विचारलंय का तुम्हाला?”

“मागून कळनं तं मानूसले वाटस, यानी लपाडं,” ते शांतपणे म्हणाले. “पयलेच सांगं तं तो हसस आनि घेस.”

वस्तू परत करायची मुदत सरल्याशिवाय कमिशन पक्कं होत नाही, याचा बाकीच्या लोकांना राग यायचा. चाचांना मात्र तीच गोष्ट फार आवडे. त्यांचं म्हणणं, कंपनी थांबते, वस्तू टिकते की नाही बघते, मगच मला देते. लग्न जमवणाऱ्यांनाही हाच नियम लावला पाहिजे, असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हा ओट्यावर बसलेले एक मध्यस्थ गृहस्थ चहा न घेताच उठून गेले.

पण चाचांचा खरा जीव अडकलेला असे तो रिपोर्टात. लिंक दाबणाऱ्यानं नंतर दिवसभरात त्याच दुकानातून जे जे घेतलं, ते सगळं दुसऱ्या दिवशी चाचांच्या रिपोर्टात उतरे. वस्तूचं नाव दिसे, घेणाऱ्याचं नाही. चाचांनी ड्रायव्हरांच्या, बाजारातल्या लोकांच्या आणि आम्हा चार-पाच शिक्षकांच्या लिंका वेगवेगळ्या नावांनी बनवल्या होत्या, त्यामुळे खरेदी कुठल्या ग्रुपातून झाली एवढं त्यांना कळे. एकदा आमच्या ग्रुपातून कोणीतरी पाण्याची बाटली घेतली आणि सोबत पाळणा. झालं, महिनाभर चाचांची झोप उडाली. “कोनाघर पाळना गया व्हई?” असं ते स्वतःशीच पुटपुटत. विचारायचं मात्र नाही. पुढे आमच्यातल्या एका मॅडमनं बाळंतपणाची रजा टाकली, तेव्हा चाचांनी कापूस भरून मऊ कापडाची एक छोटी गादी शिवून तिच्या घरी पाठवली. ती बिचारी अजून विचारते, चाचांना कसं कळलं म्हणून.

बँकेच्या बाबतीत त्यांची एक वेगळीच मांडणी होती. त्यांची खाती दोन. एकाला ते ओटा म्हणत, दुसऱ्याला घर. कमिशन, गिऱ्हाइकांचे स्कॅन केलेले पैसे, फोनचं अ‍ॅप, कार्ड, सगळं ओट्यावर. दर शुक्रवारी नमाजाआधी ओट्यावरचे पैसे उचलून ते घरात टाकत. घरच्या खात्याला अ‍ॅप नाही, कार्ड नाही, फक्त पासबुक आणि सही. पैसे काढायचे तर अंगात शर्ट घालून बँकेत जावं लागे.

“ओटावर कोनी बी बठस, पानी पेस, चालना जास,” ते म्हणत. “घरमा कोन येस? वळखीना मानूस. मन्हा घरना दरवाजा फोनमा नही मॅडम.”

मी हसायची. मी शिकलेली बाई. माझं सगळं एकाच खात्यात, आणि ते खातं माझ्या पर्समध्ये. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेली सव्वातीन लाखांची मुदत ठेवसुद्धा अ‍ॅपवरच. आईला घरातल्या घरात भिंत धरून चालावं लागे. नाशिकच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली होती. एवढ्या पैशाला फोनमध्ये ठेवू नका, असं चाचा दोनदा म्हणाले. मी म्हटलं, “चाचा, आता कोण बँकेत रांगा लावतं?” ते सुईत दोरा ओवायला लागले. मला वाटलं, मी जिंकले.

मग तो बुधवार आला. सकाळी मी चाचांनी पाठवलेल्या लिंकवरून तीन पुडांचा स्टीलचा डबा मागवला. तासाभरात फोनवर निरोप आला. नंबर नवा, पण फोटो आमच्या वरिष्ठ साहेबांचा. साहेब मीटिंगमध्ये आहेत, फोन करू नये. जिल्ह्यातल्या गुणवंत शिक्षकांच्या सत्कारासाठी दहा-दहा हजारांची पाच गिफ्ट व्हाउचर तातडीनं हवी आहेत. विषय गोपनीय आहे. खर्च करून बिल सादर करावं.

बाहेरच्या माणसाला हे वाचून हसू येईल. पण आम्ही शिक्षक आधी खिशातून खर्च करतो आणि मग बिल सादर करतो. रांगोळीचे रंग, पाहुण्यांचे हार, स्पर्धेची बक्षिसं, सगळं असंच चालत आलंय. ‘बिल सादर करावं’ हे शब्द वाचले आणि माझी उरलीसुरली शंका मिटली. शिवाय खरं सांगायचं तर मी फुशारले. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात साहेबांना मीच आठवले, याचा मला फार आनंद झाला. मधल्या सुट्टीत मी त्याच ऑनलाइन दुकानातून पाच व्हाउचर घेतली आणि त्यांचे नंबर पाठवून दिले. गुरुवारी दुपारी पुन्हा निरोप. सत्काराची यादी वाढली आहे, आणखी पंचवीस हवीत.

पंचवीस म्हणजे अडीच लाख. मुदत ठेव मोडावी लागणार होती. चार-आठ दिवसांत बिल निघेल, तारखेच्या आधी पैसे परत येतील, असा हिशेब करत मी विसरवाडीला जीपमधून उतरले आणि ओट्यावर येऊन बसले. बस यायला वीस मिनिटं होती. मी अ‍ॅप उघडलं.

“मॅडम, डबा मागाडा का?” चाचांनी विचारलं.

“हो,” मी वर न बघता म्हटलं.

“आनि त्या पाच कागद? दहा-दहा हजारना?”

साहेबांनी गोपनीय म्हणून बजावलं होतं. मी तडकले. “चाचा, तुम्ही माझ्या खरेदीवर पाळत ठेवता? लाज नाही वाटत?”

ते उठून माझ्यासमोर आले. फोन पुढे धरला. रिपोर्टात वर डबा होता, खाली गिफ्ट व्हाउचरच्या पाच ओळी, प्रत्येकीपुढे कमिशन शून्य, कारण व्हाउचरवर दुकान कमिशन देत नाही. “नाव नही दिखस,” ते म्हणाले. “पन डबा तुम्हीच इचारेल व्हता. वस्तू घेनारा एक घेस, भाव देखस, मंग दुसरी घेस. एक तासमा सारखा पाच कोनी घेत नही. हाई कोनीतरी तुम्हले सांगेल शे.”

“साहेबांनी सांगितलंय,” मी म्हटलं.

“आवाज ऐका का साहेबना?”

“ते मीटिंगमध्ये आहेत.”

“मंग मीटिंग सरू द्या.”

मी पुन्हा फोनकडे वळले. ‘ठेव मोडायची आहे का?’ असं अ‍ॅप विचारत होतं. तेव्हा चाचा माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “फोन ठेवा तो. अम्मानं ऑपरेशन शे त्यामा.” समोरचा पंक्चरवाला, चहावाला, बससाठी थांबलेली माणसं, सगळी वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईचं नाव घेतल्यावर हात थांबला. निव्वळ चाचांना खोटं पाडायचं म्हणून मी केंद्रप्रमुखांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा ठेवला.

“साहेब?” केंद्रप्रमुख म्हणाले. “साहेब सकाळपासून आमच्या शाळेत तपासणीला आलेत. हे काय, माझ्यासमोर बसून चहा घेतायत. देऊ का त्यांना?”

मी फोन बंद केला. तोवर त्या नव्या नंबरावरून तीन निरोप येऊन पडले होते, लवकर करा म्हणून. माझी बस आली आणि गेली. चाचांनी दुकान तसंच उघडं टाकलं, मला रिक्षात बसवून पोलीस चौकीत नेलं, मग बँकेला फोन करायला लावला. तक्रार नोंदली, अ‍ॅपचं सगळं बंद झालं. गेलेले पन्नास हजार परत आले नाहीत. ठेव वाचली. अर्ज मी लिहिला, पोलिसांना तो चाचांनीच वाचून दाखवला.

पुढचे आठ दिवस मी ओट्यावर गेले नाही. रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी राहायची आणि दुकानाकडे पाठ करायची. चाचांना माझ्यावर राग नव्हता हे मला ठाऊक होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. ज्या माणसाला आजवर शहाणपण शिकवत आले, शेवटी त्याच्यासमोरच असं उघडं पडावं लागलं. नवव्या दिवशी चाचा स्टूल घेऊन रस्ता ओलांडून आले. “उनमा काबर उभ्या? बठा,” म्हणाले, आणि स्टूल ठेवून परत गेले. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा ओट्यावर बसू लागले. त्या गुरुवारचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही निघू दिला नाही. घरी आईला पन्नास हजारांचं काहीतरी खोटंच सांगितलं. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. मग रोजचा एकच प्रश्न सुरू झाला, “अम्मा आज कितल्या चालन्यात?” मी पावलं सांगायची, पुढे गल्ल्या सांगायला लागले.

गेल्या हिवाळ्यात चाचांच्या छातीत दुखू लागलं. सुरतेला नेलं, तिथून ते परत आले नाहीत. मी एकटीच चाचींना भेटून येणार होते, पण आई हटून बसली. रोज आपली पावलं मोजणाऱ्या माणसाच्या घरी जायचंच, म्हणाली. चाचांचं घर दुकानाच्या वर, अरुंद लोखंडी जिना. आई कठड्याला न धरता चढली. वर चाची इद्दतमध्ये, नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात, बसल्या होत्या. आईनं त्यांच्याशेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला.

“आप के बारे में एक बार बोले थे,” चाची मला म्हणाल्या. “एक दिन घर आए, खाना नहीं खाए. बोले, मॅडम पे मेरी आवाज चढ़ गई, सब के सामने. अब वो नहीं आएँगी. आठ दिन नीचे आप का स्टूल लगाते रहे. क्या हुआ था, वो नहीं बताए.”

मला बसल्या जागी रडू फुटलं. मी त्यांना टाळत होते ती माझ्या लाजेपायी, आणि त्या माणसानं आठ दिवस स्वतःलाच दोष दिला. माफी सोडाच, मी साधे आभारसुद्धा मानले नव्हते. आई कधी चाचींकडे बघे, कधी माझ्याकडे.

“काय झायतं?” तिनं विचारलं.

मी पदरानं डोळे पुसले आणि दोघींना सगळं सांगितलं. साहेबांचा फोटो, माझी फुशारकी, पाच व्हाउचर, मोडायला काढलेली ठेव, ओट्यावरचं ते ओरडणं, काहीच गाळलं नाही. आईनं आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग चाचींकडे वळून म्हणाली, “बहिन, आते जो जिना मी चढीसन उनू ना, तो त्यासनामुळे चढनू.”