समुद्रशेठचं गोड पाणी

सिंदी रेल्वेहून समुद्र गाठायला गाडीत एक अख्खी रात्र काढावी लागते. आमच्या शेजारच्या समुद्रशेठना मात्र तो आपल्या गच्चीवर हवा होता. दुकान होतं किराण्याचं. समुद्र हे नाव गावाने चिडवायला ठेवलं आणि शेठनी ते पदवीसारखं मिरवलं.

त्यांच्या घरची विहीर खारी. त्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत उकळली तरी दाताखाली यायची. म्हणून त्यांची बायको, आमची काकू, रोज रेल्वेलायनीपलीकडच्या गोड विहिरीवरून घागरी आणायची. तिचे गुडघे दुखायचे, आणि शेठना ते खरंच बघवायचं नाही. "तुह्यं पाणी आणणं बंद करून दाखवतो," ते म्हणाले. यावर एक साधा उपाय कुणालाही सुचला असता. शेठ पडले विज्ञानवादी.

नव्वदच्या दशकात गच्चीवर तिरप्या काचेची पेटी बसली. उन्हाने आतल्या खाऱ्या पाण्याची वाफ व्हायची, काचेवर तिचं गोड पाणी होऊन ओघळायचं आणि तांब्यात पडायचं. पुढे दोन हजार सालानंतर त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की समुद्राच्या पाण्यात काळे अतिसूक्ष्म कण मिसळले तर ऊन जास्त शोषलं जातं, वाफ लवकर होते. "नॅनो म्हणतेत याले. तुले नाई समजणार," त्यांनी मला सुनावलं. मग दुकानातला कापूर जाळायचा, वर परात उपडी धरायची आणि काजळी खरवडायची, हाच धंदा. ऐन गणपतीत केळझरला निघालेल्या भाविकांना त्यांच्या दुकानात कापूर मिळेना.

बरं, मासिकात समुद्र लिहिलेला, तेव्हा विहिरीवर प्रयोग कसा करणार? मुंबईला गेलेल्या साडूंकडून कॅनभर समुद्र मागवला. तो गाडीत लोकांच्या अंथरुणांवर सांडला. साडूंनी बोलणं टाकलं.

एवढं करून दिवसाला मिळायचे दोन तांबे, तेही घरच्या खाऱ्या विहिरीच्याच पाण्याचे. ट्रॅक्टरवाले बॅटरीत टाकायला मागायचे. "हे बायकोसाठी हाये, ब्याटरीसाठी नाई," म्हणून शेठ त्यांना हाकलायचे. दोन तांब्यांत डाळ शिजायची. बाकीच्या पाण्याला काकू होतीच.

एका सकाळी ती लायनीजवळ पडली आणि गुडघा कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी शेठ खांद्यावर घागर घेऊन भर बाजारातून आले. लोक हसले. मीही हसलो.

"काऊन जी, हे आधी नाई सुचलं?" काकूने खाटेवरून विचारलं.

"त्यात शोध काय हाये?" म्हणत शेठ दुसऱ्या खेपेला गेले.

घरात नळ येईपर्यंत पाणी त्यांनीच भरलं.

ते गेले तेव्हा भेटायला येणारा जो तो पेटीचंच कौतुक करत होता. मीही केलं. काकूने ऐकून घेतलं.

"पेटीचं राहू दे," ती म्हणाली. "रोज घागर उतरवली का ते पह्यले माह्या गुडघ्याकडे पाहेत."